जवळच्या व्यक्तीने भरायचा फॉर्म

तो कागद त्याच्या हातात चुकून आला. मुंगी, त्याची मुलगी, काचेच्या दारापलीकडे, मेंदूची चित्रं काढायच्या यंत्राच्या खोट्या नमुन्यात न हलता पडून राहायची सवय करायला गेली होती. बायको तिच्यासोबत आत होती. कार्डवाली म्हणजे संशोधन केंद्रातली सहायक, तिचं खरं नाव काहीही असो, मुंगीच्या लेखी ती कार्डवालीच. तिनं त्याच्या मांडीवर फाईल ठेवली आणि म्हणाली, "पालकांची प्रश्नावली तेवढी भरून ठेवा, मी दहा मिनिटांत आलेच." हे तिसरं वर्ष. दर वर्षी तेच बेचाळीस प्रश्न, त्याच क्रमानं. त्याला ते आवडायचं. वरची कोरी प्रश्नावली त्यानं उचलली तर खाली एक भरलेला फॉर्म होता. हिरवी शाई. त्याच्या घरात हिरव्या शाईनं एकच माणूस लिहितं. मथळा होता, 'प्रौढ व्यक्तीबद्दल. जवळच्या व्यक्तीने भरायचा.' खाली वय, एक्केचाळीस. व्यवसाय, लिफ्ट तपासनीस. म्हणजे तोच. ठरलेला बेत ऐनवेळी बदलला तर अस्वस्थ होतात का? 'नेहमी'पुढे खूण. वस्तू जागची हलली तर लगेच लक्षात येतं का? नेहमी. एखादी गोष्ट करायचे दोन मार्ग असू शकतात हे पटवून द्यावं लागतं का? इथे पेन थबकलेलं दिसत होतं, शाईचा टिपका पसरला होता, आणि मग खूण 'बहुतेक वेळा'वर. पान उलटणार तोच दाराची मूठ फिरली. त्यानं फॉर्म होता तसा खाली सरकवला, चारही कोपरे जुळवले, आणि आपले बेचाळीस प्रश्न सोडवायला लागला.

मुंगी त्यांची एकुलती एक मुलगी, नऊ वर्षांची. चालायला लागली तेव्हापासून भिंतीच्या कडेकडेनं चालायची, म्हणून मुंगी. ऑटिझम आहे हे चौथ्या वर्षी कळलं, आणि सातव्या वर्षी या अभ्यासात तिचं नाव घातलं. दर वर्षी एकदा तिच्या मेंदूची चित्रं काढायची आणि एकदा तिला कार्डांचा खेळ द्यायचा. केंद्राच्या प्रमुख बाई, कपाळावर पांढऱ्या केसांची एकच बट असलेल्या, पहिल्या भेटीत म्हणाल्या होत्या, "मेंदू वाढतो तसे त्यात रस्ते पडत जातात. एका रस्त्यावरून दुसऱ्यावर कोण कसं वळतं, ते आम्ही बघतो. या मुलांना वळता येत नाही असं नाही हं. कधी वळतात, कशानं वळतात, एवढंच शोधतोय." त्याला हे पटलं होतं, कारण त्यात यंत्राची भाषा होती. खेळही साधा होता. कार्डांवर लाल-निळ्या-पिवळ्या आकृत्या. आधी रंगानं लावायची. पडद्यावर बरोबरची खूण येत राहते. आणि मग कोणालाही न सांगता नियम बदलतो, आता आकारानं. पहिल्या वर्षी पडद्यानं ओळीनं एकतीस वेळा चूक दाखवली तरी मुंगी रंगानंच लावत राहिली. शेवटी कार्डवालीला म्हणाली, "तुझी कार्डं बिघडलीत." सगळे हसले. तोही हसला. पण काचेमागे बसून तोही मनात रंगानंच लावत होता, हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. न सांगता नियम बदलायचा म्हणजे खेळ कसला, ती लबाडी झाली, असं त्याला तेव्हा मनापासून वाटलं होतं. आता त्याला प्रश्न पडला की ते त्याच्या तोंडावर दिसलं होतं का. काचेला दोन बाजू असतात. त्या बाजूनं कोण बघत होतं?

संशय ही त्याच्या धंद्यातली अवगुणाची गोष्ट नव्हे. लिफ्ट तपासायला गेलं की इमारतीचा सचिव चहा विचारतो, 'साहेब, सगळं ठीक आहे' म्हणतो, आणि हा मात्र आधी गप्प उभा राहून आवाज ऐकतो. दार मिटतानाचा, ब्रेक सुटतानाचा, दोर पुलीवरून जातानाचा. ठीक आहे असं कोणी आपणहून सांगितलं की तिथे पाणी मुरतंय असं समजायचं, हे त्याला त्याच्या साहेबानं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. 'ज्याचा संशय संपला त्यानं जिने झाडावेत.' अठरा वर्षांत त्याच्या सहीच्या एकाही लिफ्टमध्ये कोणाचं बोटसुद्धा चेमटलं नव्हतं. आणि हेच गुण, एकेक करून, हिरव्या शाईत त्याच्याविरुद्ध मांडलेले. घरी येताना गाडीत बायको मुंगीला सांगत होती, "आज किती छान पडून राहिलीस!" आणि तो आरशात तिच्या तोंडाकडे बघत होता. काही सांगेल आता, असं त्याला वाटत होतं. अरे, गंमत म्हणजे मी तुझाही एक फॉर्म भरला, असं काहीतरी. ती म्हणाली, "सिग्नल पडला."

त्या दिवसापासून त्यानं घराची तपासणी सुरू केली. आजवर ज्या गोष्टी घर म्हणून गृहीत धरल्या होत्या त्या सगळ्या त्याला कोणीतरी मुद्दाम मांडून ठेवल्यासारख्या दिसायला लागल्या. त्याचा टॉवेल कायम डावीकडच्या खुंटीवर. धुतल्यावर तो आपण होऊन तिथे उडत जात नसणार. पाहुणे यायचे असले की बायको तीन दिवस आधी सहज म्हणून बोलायची, दोन दिवस आधी पुन्हा, आदल्या दिवशी पुन्हा. त्याला वाटायचं ती विसराळू आहे. त्यानं एकदा मुंगीला तिच्या कानात कुजबुजताना पाहिलं आणि बायकोचं उत्तर ऐकलं, "बाबांना आधी सांगून ठेवू, मग." म्हणजे कारस्थानात मुलगीही आहे. मग तो उलट डाव खेळायला लागला. बुधवारी मुद्दाम उजवीकडच्या खुंटीवर टॉवेल टाकला. संध्याकाळी टॉवेल तिथेच होता, पण बायको त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. गुरुवारी उकडलेल्या अंड्याऐवजी नुसता ब्रेड मागितला. "बरं वाटत नाहीये का?" तिनं विचारलं. शुक्रवारी नेहमीच्या पुलावरून न जाता नदीकाठच्या रस्त्यानं कामावर गेला, आणि तिकडे पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला होता. रस्ता रिकामा होता, ऊनही नव्हतं. गाडी उभी करून तो पाच मिनिटं स्टिअरिंग धरून बसला. हे ती कशी लिहील, याचाच विचार त्याच्या डोक्यात होता. नेहमी. बहुतेक वेळा. क्वचित.

शनिवारी स्वयंपाकघरातली त्याची खुर्ची खिडकीकडून भिंतीकडे गेलेली होती. फरशी पुसायला सरकवली असेल, असं कोणीही म्हटलं असतं. तो म्हणाला नाही. तो उभा राहून चहा प्यायला, खुर्ची पाहिलीच नाही असं दाखवत, आणि बायकोही पाहिली नाही असं दाखवत कप विसळत राहिली, आणि दोघांच्या मध्ये ती रिकामी खुर्ची एखाद्या तिसऱ्या माणसासारखी ऐकत बसली होती. आता तर सगळंच परीक्षेसारखं वाटायला लागलं. बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते. दिवसभर लोकांना दोन भिंगं दाखवून विचारते, आता बरं दिसतंय की मघाशी? तसंच हे. आता बरं की मघाशी. माणसाला कळायच्या आत त्याच्या डोळ्यांपुढची भिंगं बदलायची.

दुपारी त्यानं ताईला फोन लावला. त्याची मोठी बहीण दुसऱ्या गावात राहते, शाळेच्या कार्यालयात कारकून आहे, आणि त्याला अजून लहानपणच्या नावानंच हाक मारते.

"काय रे खिळ्या, आज रविवार नाही," ती म्हणाली. तो तिला रविवारी साडेदहाला फोन करायचा. ती हे हसत म्हणाली, पण त्याला ते टोचलं.

"ताई, मी लहानपणी कसा होतो?"

पलीकडे पंखा घरघरत होता. "कसा म्हणजे? होतास चांगला. का रे, तिनं विचारायला सांगितलं का?"

"कोणी?"

"अरे, तुझ्या बायकोनं. मागच्या महिन्यात मलाही विचारत होती ना, बोलायला कधी लागला, खेळायचा कोणाबरोबर... तुला माहीत नाही होय?" आणि मग एकदम सावरून, "जाऊ दे, दूध उतू जातंय माझं." दुधाचा आवाज त्याला काही ऐकू आला नाही. पंख्याचाच येत होता.

खिळा हे नाव त्याला चौथीत पडलं, आणि का पडलं ते आठवायचं त्यानं इतकी वर्षं टाळलं होतं. त्या वर्षी एका सोमवारी त्यांचा वर्ग वरच्या मजल्यावर हलवला होता. कोणीतरी शनिवारी सांगितलं असेल, पण शनिवारी त्याला ताप होता. तो आपल्या जुन्या वर्गात गेला, आपल्या बाकावर, खिडकीपासून दुसऱ्या जागी बसला. वर्ग रिकामा. फळाही काढून नेलेला, भिंतीवर त्याचा फिकट चौकोन उरलेला. घंटा झाली. वरून पाढ्यांचा आवाज यायला लागला, त्याच्याच वर्गाचा, सगळे आवाज ओळखीचे. वर जायला पाहिजे हे त्याला कळत होतं. तरी पाय हलेनात. कारण जागा ही होती, आणि मुलं चुकीच्या ठिकाणी गेली होती. शिपायानं ओढून पाहिलं, त्यानं बाक धरून ठेवला. दुपारी वडिलांना बोलावलं. वडील शिंपी होते, गळ्यात टेप तशीच घेऊन आले. त्याला वाटलं आता मार बसणार. वडील शेजारी बाकावर बसले, त्या लहान बाकात गुडघे दुमडून. मग गळ्यातली टेप काढून त्यांनी बाक मोजला. लांबी, रुंदी. वर जाऊन तिथला बाक मोजून आले. "सारखाच आहे," म्हणाले, "बोटभराचाही फरक नाही." मग तो उठला. ही आठवण त्याला वडिलांच्या मायेची म्हणून नेहमी पुरली होती. आज पहिल्यांदा तिच्यावरही त्याला शंका आली. वडिलांना इतकं अचूक कसं ठाऊक होतं, काय केल्यावर तो उठेल? मोजायला ते खरंच वर गेले होते, की जिन्यात उभं राहून परत आले होते? आणि त्यांच्या स्वतःच्या दुकानात कात्री कोणी इंचभर हलवली तर ते दिवसभर गप्प व्हायचे, ते कशानं?

फोन ठेवल्यावर तो सरळ स्वयंपाकघरात गेला. मुंगी बाहेरच्या खोलीत फरशीवर बाटल्यांची बुचं ओळीनं लावत होती. बायको डबे पुसत होती.

"माझ्यावर काय काय लिहिलंस?" त्यानं विचारलं.

तिनं फडकं खाली ठेवलं. कसलं, कुठे, असं काही विचारलं नाही, आणि एवढ्यानंच त्याचा राग अर्धा ओसरला. "फॉर्म बघितलास," ती म्हणाली.

"चुकून हातात आला. आणि ताईलाही विचारलंस. माझ्या मागे सगळा चौकशी आयोग बसवलाय. मला कधी सांगणार होतात? मेंदूची चित्रं काढून झाल्यावर?"

"तुला सांगितलंय. तू सही केलीस."

"मी? मी न वाचता सही करत नाही."

ती आत गेली, संमतीपत्र घेऊन आली. पान सात. 'या वर्षीपासून दोन्ही पालकांच्या विचारपद्धतीची माहितीही घेतली जाईल. प्रत्येकाची माहिती दुसऱ्या जवळच्या व्यक्तीकडून.' खाली त्याची सही, तारखेसकट, वळणदार. त्याला तो दिवस आठवला. सही करताना केंद्राच्या लिफ्टचा आवाज कानावर येत होता, दार मिटताना शेवटी एक बारीक कचका, आणि त्याचं सगळं लक्ष त्या कचक्यात अडकलं होतं. दुनियेच्या दोरखंडांवर नजर ठेवणारा माणूस स्वतःच्या सहीखाली काय आहे ते बघायला विसरला होता.

"म्हणजे माझ्याकडूनही तुझा फॉर्म भरून घेणार होते."

"तुझ्या फाईलमध्येच होता. कोरा परत आला म्हणाल्या बाई. मला वाटलं, माझ्याबद्दल तुला काही लिहायचंच नसेल."

त्या दिवशी भरलेल्या फॉर्मच्या खाली आणखी एक कागद होता खरा. त्यानं पाहिला नव्हता. एक पाहिल्यावर त्याला दुसरा दिसलाच नव्हता.

"शेवटच्या पानावर काय लिहिलंस?" तो म्हणाला. आवाज त्याच्या मनासारखा कठोर निघाला नाही. "इतर काही सांगायचं असल्यास, असतं ना शेवटी."

"लिहिलं, की मी बदलते, म्हणून त्याला बदलावं लागत नाही." तिनं हे त्याच्याकडे न बघता, डब्याकडे बघत म्हटलं. "तक्रार नाही लिहिली. त्यांनी विचारलं, मला पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं, म्हणून लिहिलं. दमायला होतं रे कधी कधी. दोघांच्या मध्ये मी एकटीच बिजागरी."

"आणि खुर्ची? ती कशाला हलवलीस?"

"खुर्ची?" ती खरंच गोंधळली. मग बाहेर बघून तिनं हाक मारली, "मुंगे, खुर्ची तू हलवलीस?"

"खाली बूच गेलं होतं," बाहेरून उत्तर आलं.

चित्रं काढायचा दिवस मंगळवार होता. मुंगीच्या हातात चार चित्रांची पट्टी होती, बायकोनं केलेली: दार, लिफ्ट, कपाट, यंत्र. एकेक झालं की चित्र उलटं करायचं. यंत्र तळघरात होतं. दाराचं चित्र उलटं झालं. तिघं लिफ्टपाशी आली, लिफ्ट खाली आली, दार उघडलं, आणि तो जागच्या जागी थांबला. लिफ्टची फरशी बाहेरच्या फरशीपेक्षा बोटभर खाली थांबली होती. आणि दार मिटताना तो कचका, मागच्यापेक्षा मोठा.

"जिन्यानं जाऊ," तो म्हणाला.

"लिफ्ट," मुंगी म्हणाली आणि पट्टीवर बोट ठेवलं.

"बेटा, ही लिफ्ट बरोबर नाही. जिन्यानं."

"दोन नंबर लिफ्ट. मग कपाट." तिचा आवाज चढायला लागला. कार्डवाली धावत आली. मशीन तासाभरासाठीच मिळालंय, पुढची मुलं थांबलीत, आज राहिलं तर तीन वर्षांची साखळी तुटेल, असं ती हळू आवाजात त्याला सांगत होती. त्यानं बायकोकडे पाहिलं. दर वेळी याच ठिकाणी ती पुढे व्हायची. एकाला थोडं सांगून, दुसऱ्याला थोडं गोंजारून, दोघांनाही आपलंच झालं असं वाटायला लावायची. आज ती भिंतीला टेकून उभी राहिली. हातातली पर्स दोन्ही हातांनी धरून.

"मी नाही आज काही करणार," ती म्हणाली. रागानं नाही, बसायला जागा आहे का विचारावं तसं.

मुंगीनं दोन्ही कान दाबून धरले होते आणि ती लिफ्ट, लिफ्ट, लिफ्ट असं म्हणत होती. त्याला स्वतःच्या छातीत तीच लय ऐकू येत होती, फक्त शब्द वेगळा. त्याला एकच कळत नव्हतं. ही शंका तपासनिसाची आहे की फॉर्ममधल्या माणसाची? बोटभर फरक. ब्रेक झिजल्यानं हे होतं. नुसती जुळणी बिघडल्यानंही होतं, आणि त्यात जिवाला धोका नसतो. कोणतं ते इथे उभं राहून कळणार नव्हतं. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याचा आपल्या संशयावरच विश्वास बसेना. वाकून तो मुंगीला म्हणाला, "मी आधी जाऊन येतो. एकटा. बघून येतो." तिनं कानांवरचे हात काढले नाहीत. तो आत शिरला, आणि दार मिटलं.

खाली जाताना त्यानं डोळे मिटून पाठ भिंतीला लावली. दोर नीट चालत होता. ब्रेक एका दमात धरत होता, घसरत नव्हता. तळाशीही फरक तेवढाच, बोटभर. जुळणीच. कचका दाराच्या पट्टीचा होता, एक स्क्रू सैल. त्यानं खात्रीसाठी पुन्हा वर, पुन्हा खाली, पुन्हा वर अशी फेरी मारली. धोका नाही. दुरुस्ती हवी, पण धोका नाही. आपलं म्हणणं खोटं ठरल्यावर त्याला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. दार उघडलं तेव्हा 'चला' हा शब्द त्याच्या ओठांवर होता.

बाहेर कोणी नव्हतं. भिंतीपाशी बायको नव्हती, मुंगी नव्हती, कार्डवालीही नाही. लांबलचक रिकामा बोळ, टोकाला पाणी प्यायचं यंत्र गुरगुरत असलेलं. गेल्या, त्याच्या मनात आलं. शेवटी त्याला सोडून गेल्या. हेच ठरलेलं असणार, त्याला लिफ्टमध्ये घालायचं आणि निघून जायचं. क्षणभर त्याला आपण कुठल्या मजल्यावर आलो तेच समजेना. मग जिन्याच्या दाराआडून, खोल खालून, एकसुरी आवाज आला, "एकवीस. बावीस. तेवीस." मुंगी पायऱ्या मोजत होती.

तो जिन्यानं खाली धावला. तळघरात ती कपाटापुढे उभी होती, बूट काढत. पट्टीवरचं लिफ्टचं चित्र उलटं केलेलं होतं.

"मुंगे, तू जिन्यानं आलीस?" धाप लागली असल्यानं त्याचे शब्द तुटत होते. "पण दोन नंबर तर लिफ्ट होतं."

"लिफ्ट झाली," मुंगी म्हणाली. "बाबांनी केली." आणि कपाटाचं चित्र उलटं केलं.

त्यानं कार्डवालीकडे पाहिलं. ती घड्याळ बघत यंत्राच्या खोलीतल्या माणसाला हात करत होती. "तुम्ही ऐकलंत?" तो म्हणाला. "ती काय म्हणाली ते? मी लिफ्टनं गेलो ते तिनं धरलं. तिच्या जागी. तिला कोणी सांगितलं नव्हतं हो असं करायला. तू सांगितलंस?" हे बायकोला. तिनं मान हलवली, नाही. "मग हे लिहा ना. लिहून घ्या कुठेतरी."

"अहो, फार गोड बोलली," कार्डवाली म्हणाली, "पण याला आमच्याकडे रकाना नाही. चल गं मुंगी." मुंगी तिच्यामागून गेली, भिंतीच्या कडेकडेनं, आणि जाड दार मिटलं.

बोळात दोन खुर्च्या होत्या. तो एकीवर बसला. "लिफ्ट ठीक होती," तो म्हणाला. "मी उगाच... म्हणजे अगदीच उगाच नाही, स्क्रू सैल आहे एक. पण ती ठीक होती." बायकोनं तोंडावर हात धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. तो बघत राहिला. डोळे ओले होते. पण डोळे हसतानाही ओले होतात. आवाज येत नव्हता. हात तोंडावरून निघाला असता तर ओठांवरून कळलं असतं. एरवी त्यानं असंच केलं असतं, बाजूबाजूनं बघून, जुळवून, मनाशी काहीतरी निश्चित करून गप्प बसला असता, आणि पुढचे आठ दिवस त्यावरच चालला असता. तो थोडा पुढे वाकला.

"हसतेस की रडतेस?" त्यानं विचारलं.

तिनं हात खाली घेतला, आणि त्याच्याकडे असं बघितलं की जणू हा प्रश्न त्याच्याकडून येईल असं कुठल्याच फॉर्ममध्ये तिनं लिहिलं नसतं.

"ठरलं नाही अजून," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला, आणि तिच्या शेजारी थांबला. भिंतीपलीकडे यंत्र सुरू झालं, ठक ठक ठक ठक, आणि मग मध्येच, कोणालाही न सांगता, त्याचा ठेका बदलला.